शेपूट मोजायचं नाही

निर्मळ गावच्या आमच्या घरात टेप नव्हती, फूटपट्टी नव्हती, आणि तराजू होता तो माळ्यावर गंजत पडला होता. सासऱ्यांचा उजवा हात होता, त्यामुळे बाकी कशाची गरज पडत नसे. केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, झाडावरच असताना सासरे खालून एकदा वर बघत, अंगठा आणि करंगळी ताणून त्याच्या अंगाला वीत लावत, आणि किती डझन ते सांगून मोकळे होत. लोंगर उतरवून फण्या मोजल्या की एखाददुसरं केळं इकडेतिकडे निघे. बागेचा मालक आणि व्यापारी यांचं जुळलं नाही की दोघेही आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि सासऱ्यांना बागेत घेऊन जात. त्यांनी सांगितलं की वाद मिटला. आगाशीपासून सोपाऱ्यापर्यंत त्या हाताला मान होता, आणि तो मान त्यांनी कमावलेला होता, हे मला आजही मान्य आहे.

हा हात केळीवर थांबला असता तर मी हे लिहायला बसले नसते. पण माणसाचा अंदाज चार ठिकाणी खरा ठरला की पाचव्या ठिकाणी लोक त्याला आपणहून विचारायला येतात, आणि सहाव्या ठिकाणी तो न विचारता सांगायला लागतो. सासरे पाऊस कधी थांबणार ते सांगत, गाय कधी विणार ते सांगत, निवडणुकीत कोण पडणार ते सांगत. नवी सून घरात रुळायला किती दिवस लागतील, हे त्यांनी माझ्या लग्नाच्या मांडवातच सांगून टाकलं होतं. सहा महिने म्हणाले होते. दोन वर्षं झाली तरी मी रुळले नव्हते, पण तसं त्यांना कळवण्याची कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

मी तुळिंजची. तेव्हा तिथे भाताची शेतं होती आणि मधूनमधून चाळी उठायला लागल्या होत्या. काळ ऐंशीच्या अलीकडचा-पलीकडचा. मी मॅट्रिक पास होते, ही गोष्ट सासरी कौतुकाने सांगितली जायची आणि तिचा उपयोग वाण्याची यादी लिहिण्यासाठी केला जायचा. नवरा मुंबईत कचेरीत होता. तो सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आणि घरात कुणाचंही कुणाशी वाजलं की दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून हातपाय धुवायला जायचा. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर निर्मळच्या वेशीबाहेर कुणाला कळायची नाही, म्हणून तिला जरा सरळ करून लिहिते आहे.

आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे ख्रिस्ती शेजारी राहत. त्यांचा थोरला मुलगा बोटीवर कामाला होता. वर्षभर बाहेर आणि मग दीड-दोन महिने घरी. तो आला की आळीत कुणाला साबण, कुणाला टॉर्च, कुणाला चॉकलेट असं काही ना काही मिळायचं. त्या वर्षी तो श्रावण संपता संपता आला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन थेट आमच्या ओट्यावर चढला. डब्याच्या झाकणाला भोकं पाडलेली होती. सासूबाईंनी बिस्किटं समजून हात पुढे केला आणि झाकण उघडल्यावर जी किंकाळी फोडली ती सोपाऱ्याच्या बाजारात ऐकू गेली असेल.

आत एक सरडा होता. नुकत्याच फुटलेल्या केळीच्या पानासारखा हिरवागार, हनुवटीखाली लोंबती कातडी, पाठीवर बारीक दातेरी रेघ. अंग मधल्या बोटाएवढं आणि बाकी सगळं शेपूट.

"काका, ह्याला इग्वाना बोलतात," शेजारी म्हणाला. "अमेरिकेच्या खालच्या अंगाला आमची बोट लागली होती, तिथून आणला. कॅप्टनला कळू दिलं नाय. तुम्ही सगळ्याचा अंदाज सांगता ना, आता ह्याचा सांगा. किती वाढेल?"

सासऱ्यांनी सरड्याला वीत लावली. नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत बरोबर एक वीत भरली. मग ते नेहमीप्रमाणे डोळे मिटून बसले. हे डोळे मिटणं फार महत्त्वाचं असायचं. त्या वेळात आजूबाजूचे लोक खोकलासुद्धा दाबून धरत.

"तिकडं झाडाझाडांवर असतात," शेजाऱ्याला राहवलं नाही. "मोठा झाला की शेपटासकट माणसाएवढा होतो, काका. गॉड प्रॉमिस. मी स्वतः बघितलाय."

सासऱ्यांनी डोळे उघडले आणि ओट्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे डालड्याच्या डब्यात एक लिंबाचं झाड होतं. नऊ वर्षं ते गुडघ्याएवढंच होतं. "हे झाड जमिनीत लावलं असतं तर आज छपराला टेकलं असतं," सासरे म्हणाले. "डब्यात हाय म्हणून एवढंच राहिलं. मुळांना कळतं जागा किती ती. झाडाला अक्कल हाय, तर जनावराला नसेल? झाडावर राहिला असता तर झाला असता माणसाएवढा. आपण त्याला पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवू. वीतभर हाय, वीतभरच राहील."

बागाईतदार माणसाला हे किती पटावं! आळीतल्या प्रत्येकाच्या अंगणात असं एखादं डब्यातलं झाड होतंच. सगळ्यांनी माना हलवल्या. सासऱ्यांचा स्वतःचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, चार भावंडांबरोबर एका खोलीत वाढून चौकटीला डोकं आपटण्याइतका उंच झाला होता. तोही तिथेच उभा होता. त्यानेही मान हलवली.

शेजारी हसला आणि म्हणाला, "आणि जास्त वाढला तर?"

तो हसला नसता तर गोष्ट तिथेच संपली असती. सासऱ्यांनी उजवा हात वर केला. "पुढच्या वर्षी तू परत येशील, तेव्हा ह्याच ओट्यावर चार माणसांसमोर मोजू. वीतभरापेक्षा जास्त निघाला तर हा हात मी पुन्हा कुणाच्या केळीला लावणार नाय. सूनबाई, वही आण. तू मॅट्रिक हायस, तू लिही."

अशी मी त्या सरड्याची कारकून झाले. दर रविवारी सासरे मोजणार आणि मी वहीत लिहिणार असं ठरलं. शेजारी दीड महिना राहिला आणि बोटीवर परत गेला. त्याला काय, तो डबा ठेवून गेला. सासऱ्यांचा शब्द, सरड्याचा जीव आणि ती वही हे सगळं मात्र आमच्या घरात राहिलं.

सरडा फक्त पाला खायचा, ही आमच्या घराच्या दृष्टीने फार जमेची बाजू होती. शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुलं, तोंडलीची कोवळी पानं, पिकलं केळं. वाडीत सगळं होतं. तो सगळं खायचा आणि खाल्लं की एक डोळा मिटून उन्हात पडायचा. आळीतली पोरंसोरं, बायाबापड्या त्याला बघायला यायची. दसऱ्याला तो वीत आणि दोन बोटं भरला. सासरे म्हणाले, सणासुदीचं अंगावर आलं असेल, उतरेल. दिवाळीला सव्वा वीत. सासरे म्हणाले, फराळ. त्याने फराळाला तोंडसुद्धा लावलं नव्हतं, पण मी वहीत लिहिलं. कार्तिकात निर्मळची जत्रा भरली. जत्रेला आलेले पाव्हणे ओट्यावर बसून सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी खात खात पिंजऱ्याकडे बघत होते, आणि त्यांच्यातले एक काका नको ते बोलून गेले. "अहो, ह्याचं शेपूट पिंजऱ्याच्या बाहेर आलंय की!"

खरंच आलं होतं. दोन गजांच्या मधून शेपूट बाहेर लोंबत होतं आणि त्याच्या टोकाला मांजर पंजा मारत होतं. सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. सासरे बघत होते पिंजऱ्याकडे. मग त्यांनी डोळे मिटले. एवढा वेळ मिटले की मला वाटलं झोप लागली.

"मी काय बोललो होतो?" त्यांनी शेवटी विचारलं. "पिंजऱ्यात वाढणार नाय, असंच ना? मग पिंजऱ्यात हाय तेवढंच मोजायचं. जे बाहेर आलं ते पिंजऱ्याचं नाय. आणि शेपूट म्हणजे काय वाढ हाय? केळीचा लोंगर मोजताना आपण खालचं केळफूल धरतो काय?"

केळफूल कोणीच धरत नाही. त्यामुळे सगळ्यांनी माना हलवल्या. पाव्हण्या काकांनी तर, आपल्या हे लक्षात यायला हवं होतं, असा चेहरा केला. त्या रविवारपासून वहीत शेपूट लिहायचं बंद झालं. अंग तेवढं मोजलं, अर्धी वीत भरलं. सरडा एका दिवसात निम्म्याहून लहान झाला. लोक खूश झाले. दोन-तीन जण तर म्हणाले, पिंजऱ्याचा परिणाम दिसायला लागला.

मी मनातल्या मनात चडफडले आणि लिहिलं. दुसरं काय करणार होते? सासऱ्यांच्या समोर सुनेने एकच वाक्य बोलायचं असे, ते म्हणजे चहा ठेवू का.

पौषात थंडी पडली. आमच्याकडची थंडी ती काय, पण त्या उन्हाच्या जनावराला तेवढीही सोसेना. सकाळी तो दगडासारखा पडून राहायचा आणि खायचाही थोडं. महिनाभर मापात फरक पडला नाही. सासरे भलतेच खुशीत आले. येईल त्याला वही दाखवू लागले. "थांबली वाढ. त्याला कळलं जागा किती ती." अर्नाळ्याची एक कोळीण मासळीची पाटी घेऊन आमच्या दारी यायची. तिने पाटी उतरवून पिंजऱ्यात डोकावून बघितलं आणि कुणी विचारलं नसताना तोंड उघडलं.

"थांबतोय कुठला! त्याला थंडी बाधलीय. उन्हात ठेवा, वर जरा पानी शिंपडा, मंग बघा कसा वाढतोय तो. कोन बोल्ला पिंजऱ्यात जनावर वाढत नाय? कोंबडी खुराड्यात वाढत नाय काय?"

कोंबडीचा मुद्दा एवढा सरळ होता की त्याला उत्तर नव्हतं. म्हणून सासऱ्यांनी त्या दिवशी मासळी घेतली नाही.

फाल्गुनात ऊन तापलं आणि कोळिणीचं म्हणणं खरं व्हायला लागलं. सरडा नुसता वाढत सुटला. कात टाकायचा, त्याच्या अंगावरून कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघायचे आणि आतून आणखी हिरवा, आणखी मोठा निघायचा. अंग पाऊण वीत झालं. पाठीवरचे दाते मोठे झाले. पिंजऱ्यात त्याला वळता येईना. सासरे मोजायला बसले की आता बाहेर काढतही नसत. गजांमधून हात घालून अदमासे वीत लावत. पिंजऱ्याचं दार पोपटाचं. ते सरड्याच्या मानेपुरतं होतं, कमरेपुरतं नव्हतं, हे त्यांनाही दिसत होतं.

एकदा धीर करून मी म्हटलं, "बाबा, ह्याला केळीच्या खोक्याला जाळी मारून मोठा पिंजरा करूया काय? अडकल्यासारखा झालाय."

"पिंजरा बदलला तर अंदाज कसला राहिला?" ते म्हणाले. रागाने नाही, समजुतीने म्हणाले. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर सरड्याच्या उपासाला सुरुवात झाली. आधी सोमवार. सासरे म्हणाले, शाकाहारी जनावर आहे, त्याला उपास मानवेल. मग गुरुवार आला. मग शनिवार, एकादशी, संकष्टी. आमच्या आळीत एवढे उपास कुणीही करत नव्हतं, पण कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट एक म्हातारी रोज येऊन सरड्याला नमस्कार करायला लागली. सासरे उरलेल्या दिवशी स्वतःच्या हाताने पाला घालत. पहिल्यांदा मूठभर घालत, मग चिमूटभर, आणि वैशाखात एक दिवस मी मोजलं, तर शेवग्याची एक डहाळी होती. एका डहाळीवर तो दिवस काढत होता.

आणि बाकी सगळ्या बाबतींत सासरे चांगले होते, हे मी सांगते आहे ते त्यांची बाजू घ्यायची म्हणून नाही. ते कुत्र्याला दगड मारत नसत. गाय आजारी पडली तर तिच्या शेजारी गोणपाट टाकून झोपत. मला ते कधी वाकडा शब्द बोलले नव्हते. तोच माणूस सकाळी त्या उपाशी जनावरासमोर बसून वीत लावत होता आणि माप वाढलं नसलं की समाधानाने सुपारी कातरत होता. मला त्यांचा राग आला. असा राग की मी पोळ्या लाटताना पोळपाट आपटायला लागले. सासूबाई म्हणाल्या, पोळपाटाने काय केलंय?

दुपारी जेवून सासरे आतल्या खोलीत आडवे होत. त्यांचं घोरणं सुरू झालं की मी मागच्या दाराने जाऊन ओंजळभर जास्वंदीची फुलं आणि तोंडलीची पानं आणायची आणि गजांमधून एकेक आत सरकवायची. सरडा आधी जिभेचं टोक लावून बघायचा आणि मग अधाशासारखा गिळायचा. मला भीती वाटायची ती दोन गोष्टींची. एक, सासरे उठतील. दुसरी, तो आणखी वाढेल. म्हणजे मी रविवारी सासऱ्यांचा शब्द खरा असल्याचं वहीत लिहीत होते, आणि उरलेले सहा दिवस तो खोटा पाडायला खाऊ घालत होते. याला घरभेदेपणा म्हणतात हे मला कळत होतं. पण ती डहाळी डोळ्यांसमोरून जात नव्हती.

ज्येष्ठातल्या एका एकादशीला मी फुलं घेऊन ओट्यावर आले तर पिंजऱ्यापाशी आधीच कुणीतरी बसलेलं. सासूबाई! पदराखालून वेल काढून आत सरकवत होत्या. मला बघून त्यांनी वेल लपवायचा प्रयत्न केला. मी फुलं लपवायचा केला. दोघींचंही जमलं नाही.

"काय देताय?" मी कुजबुजले.

"रताळ्याचा पाला," त्या म्हणाल्या. "उपास हाय ना आज त्याचा. रताळं चालतं उपासाला."

मला एवढं हसू आलं की तोंडात पदर कोंबायला लागला. गेले दोन महिने त्या नेमाने सरड्याला उपासाचं खाऊ घालत होत्या. सोमवारी रताळ्याचा पाला, एकादशीला केळं, संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणं त्याला जमणार नाही म्हणून दुपारीच. उपास मोडायचा नाही आणि जनावर मारायचं नाही, अशी त्यांनी वाट काढली होती. तरी सरड्याच्या अंगात एवढं त्राण कुठून येतं याचं मला कोडं होतंच.

हसून झाल्यावर मी विचारलं, "आई, तुम्ही बाबांना सांगत का नाही?"

"चाळीस वर्षं झाली संसाराला," त्या म्हणाल्या. "लोक ह्यांच्या हाताच्या पाया पडतात. तो हात गेला तर ह्यांच्याकडं राहिलं काय? मी तोंडाने नाय सांगणार. आणि ह्याला मरूही नाय देणार." मग पिंजऱ्यात बघून म्हणाल्या, "तू सांग. तू शिकलेली हायस." म्हणजे शेवटी ते माझ्यावरच आलं.

मी आधी नवऱ्याला सांगून बघितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझंही बरोबर आहे, पण बाबांचंही त्यांच्या जागी बरोबर आहे." सरड्याचं काय, असं मी विचारलं, तेव्हा तो हातपाय धुवायला गेला.

मग श्रावण आला. शेजारी महिनाभरात येणार असं त्याच्या आईने कुंपणावरून सांगितलं. त्या दिवशी गजांमधून अदमासे मोजलं तर अंग एक वीत भरत होतं. सासऱ्यांनी सगळा श्रावण सरड्याला पाळायला लावला. रोजचा उपास. डहाळीही बंद. आणि दुपारी ते आडवे होईनासे झाले. पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून जपमाळ घेऊन बसायला लागले. मला आणि सासूबाईंना आता संधी म्हणजे ते मागे विहिरीवर जात तेवढीच. त्यात पाऊस, ऊन नाही. सरड्याचा हिरवा रंग मातकट झाला. कमरेची हाडं वर आली. शेपूट आधी मुळाशी मनगटाएवढं होतं, ते चिपाडासारखं झालं. एका दुपारी मी जास्वंदीचं फूल नाकाशी धरलं तरी त्याने डोळा उघडला नाही. मी रडले. सरड्यासाठी कुणी रडतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी त्या माणसाच्या डोक्यात वही घातली असती.

सासरे विहिरीवरून परत यायच्या जरा आधी त्याने ते फूल खाल्लं. एकच.

गणपतीच्या आधीच्या रविवारी शेजारी आला. दुपारी चार वाजता ओटा माणसांनी भरला. व्यापारी आले होते, बागाईतदार आले होते, शेजाऱ्याकडची माणसं चर्चमधून येऊन जेवून आली होती. कोळीणसुद्धा पाटी न घेता नुसती बघायला आली होती. सासऱ्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि हात साबणाने धुतला होता. मी वही घेऊन दाराशी उभी. सासूबाई माझ्या मागे.

"काढा बाहेर," शेजारी म्हणाला.

पिंजऱ्याचं दार उघडलं. सरड्याचं डोकं बाहेर आलं, मान आली, पुढचे पाय आले, आणि तिथे तो अडला. सासऱ्यांनी हळूच ओढलं. येईना. मागे ढकललं, तर आतही जाईना. एवढी माणसं जमलेली आणि जनावर दारात अडकून पाय झाडतंय. कुणीतरी म्हणालं, पिंजराच जरा लहान झाला असेल, पावसाने. हे तो खरोखर म्हणाला.

शेवटी सासऱ्यांनी पक्कड मागितली आणि स्वतः बसून एकेक गज तोडला. सात गज तोडायला लागले. मग सरडा ओट्यावर आला, आणि फाल्गुनानंतर पहिल्यांदा अख्खा दिसला. शेपूट एवढं लांब की दोन माणसांना मागे सरकून जागा द्यावी लागली. पण शेपटाकडे कुणी बघितलं नाही. सगळे बघत होते त्या हाडांकडे. तो पोट टेकून पडला, तसा प्रत्येक मणका मोजता आला असता.

सासऱ्यांनी अंगठा नाकाशी ठेवला आणि करंगळी ताणली. एवढी ताणली की बोटांची पेरं पांढरी झाली. करंगळी कमरेच्या अलीकडे टेकली. पुढे चार बोटं अंग उरलं होतं. आंधळ्यालासुद्धा दिसलं असतं.

"एक वीत," सासरे म्हणाले.

"एक वीतच," एक व्यापारी म्हणाला.

"तंतोतंत," दुसरा म्हणाला. कुणी म्हणालं, हात तो हात. शेजाऱ्याने एकदा सरड्याकडे बघितलं, एकदा सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे, आणि तो चांगला माणूस होता म्हणून म्हणाला, "बरोबर आहे काका. मानलं तुम्हाला." कोळिणीने तेवढं ओठ मुडपून दुसरीकडे तोंड फिरवलं.

"लिही, सूनबाई."

वही माझ्या हातात होती. मला वाटलं, लिहून टाकावं. चार बोटांनी कुणाचं काय अडलंय? मग लक्षात आलं, उद्या नवा पिंजरा येईल, पोपटाचाच येईल, आणि पुढच्या वर्षासाठी नवा शब्द दिला जाईल.

"बाबा," मी म्हटलं, "चार बोटं जास्त आहे."

नवऱ्याने मान खाली घातली. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते हाताकडे बघत होते. हात अजून सरड्याच्या पाठीवर तसाच ताणलेला होता, आणि त्याखाली ते जनावर श्वास घेत होतं तसा तो हात वरखाली होत होता. मग त्यांची बोटं सैल झाली आणि तळहात त्या हाडांवर टेकला.

"महिनाभर मी ह्याला काय घातलं नाय," ते म्हणाले. "तरी वाढला. कोण खायला देत होतं?"

"मी," मी म्हटलं.

"आणि मी," सासूबाई मागून म्हणाल्या.

आता हे आम्हा दोघींना माहेरी धाडणार असं मला वाटलं. सासूबाईंचं माहेर तर कधीच राहिलं नव्हतं. सासऱ्यांनी मान वर केली. बागेत उभं राहून चार माणसांना ऐकू जाईल असा आकडा सांगताना त्यांचा जो आवाज लागायचा, त्याच आवाजात ते बोलले.

"बरं केलंत. तुम्ही दिलं नसतंत तर माझा शब्द राहिला असता, आणि हा मेला असता."